आकड्यामागची दोन अक्षरं

दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरबरोबर दुकानात एक खोटंही यायचं. "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला." भोंगवलीचे एक बागायतदार कॉम्प्युटरचा आख्खा डबा गोधडीत गुंडाळून, मोटरसायकलवर मांडीत धरून घेऊन आले होते. घरात त्याला कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी झाकण काढलं तर पंख्यापासून खालपर्यंत चहाचा वाळलेला ओघळ, आणि त्याला लागलेल्या मुंग्या. आंबवड्याच्या एका मास्तरांनी सीडीचा कप्पा पानाचा डबा ठेवायला वापरला होता आणि तो वाकला तेव्हा "कंपनीचा माल खराब" म्हणत माझ्याकडे आले होते. मी कधी कुणाला तोंडावर पकडलं नाही. "धुळीनं झालंय," म्हणायचो आणि स्क्रू आवळायचो. भोरमध्ये सलीम मुलाणीचं दुकान चाललं ते हातातल्या कसबावर आणि या अशा सभ्यपणावर.

मी स्वतः खोटं बोललो ते एकदा. म्हणजे लक्षात राहावं असं एकदा. दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गमती लिहा, असं सांगितलं गेलंय. गमती पुष्कळ आहेत, पण लिहायला बसलो की हात तिकडेच जातो. तेव्हा ते आधी लिहून टाकतो.

नव्वदच्या दशकात मी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचो. मग कॉम्प्युटर आले, मी पुण्यात जाऊन ते जोडायला शिकलो, आणि एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत गाळा घेऊन आठ मशीन मांडली. बाहेर पाटी इंटरनेटची होती. पण टेलिफोनच्या तारेवरून येणारं तेव्हाचं इंटरनेट इतकं हळू होतं, की एक फोटो उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन यायचा. दुकान खरं चालायचं ते खेळांवर. आठही मशीन एकमेकांना वायरने जोडलेली होती. चार जण एका बाजूला, चार दुसऱ्या, आणि पडद्यावर बंदुका. कॉलेजची मुलं यायची, बँकेतला एक कॅशियर यायचा, पंचायत समितीतले दोघं जेवणाच्या सुट्टीत यायचे. आणि सकाळी नऊच्या सुमाराला बाळू शिळीमकर यायचा.

बाळू पालीचा, राजगडाच्या पायथ्याचा. वय तिशीच्या आतबाहेर, लग्न झालेलं. तो दुधाचा टेम्पो चालवायचा. पहाटे वेल्ह्याच्या बाजूचं दूध गोळा करून मार्गासनी, नसरापूर, कापूरव्होळ करत भोरजवळच्या डेअरीवर आणायचा. कॅन रिकामे होऊन धुऊन मिळेपर्यंत त्याचे दोन तास मोकळे असायचे. पहिल्यांदा आला तो पंख्याखाली बसायला मिळेल म्हणून. कोपऱ्यातल्या मशीनवर बसला, माऊस कसा धरायचा ते विचारलं. महिन्याभरात आख्ख्या भोरमध्ये त्याच्यासमोर उभं राहील असा कुणी उरला नाही.

त्याचं बळ हातात नव्हतं, कानात होतं. या खेळात पावलांचा आवाज येतो. लाकडावर वेगळा, फरशीवर वेगळा, पाण्यात वेगळा. बाकीचे आरडाओरडा करत खेळायचे. बाळू कानाला हेडफोन लावून गप्प बसायचा आणि भिंतीपलीकडून कोण येतंय, किती जण येतायत, हे त्याला आधीच कळलेलं असायचं.

"तुला कसं कळतं रे?" मी विचारलं होतं.

"घाटात गाडी चालवताना दुसरं काय करतो आपन? वळणापल्याडचं दिसत न्हाई, ऐकावंच लागतं," तो म्हणाला.

बाळू, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेला अमर कोंडे, कॅशियर आणि पंचायत समितीतला एक जण, असा चौघांचा संघ झाला. अमर इंग्रजी मासिकं वाचायचा, बाकीच्यांना वाचून दाखवायचा. एकदा पुण्यात एका हॉलवर स्पर्धा होती तिथं हे चौघं गेले. मीही गेलो, दुकान बंद ठेवून. पहिल्याच फेरीत हरले. तिथल्या मशीनवर चित्र इतकं झरझर हलत होतं, की आमच्या लोकांचे हात मागं पडले. खेळ संपल्यावर समोरच्या संघातल्या एकाने बाळूला विचारलं, काय करता? बाळूने सांगितलं. तो पोरगा हसला नाही, पण त्याने वळून मित्रांकडे बघितलं, आणि मग ते सगळे हसले. परतीच्या एसटीत बाळू माझ्या शेजारी बसला होता. नसरापूर फाट्याला उतरताना म्हणाला, "त्यांचे हात आपल्यापेक्षा बरे न्हाईत, सलीमभाई. त्यांची मशीनं बरी हायत."

ते मला लागलं. मशीनं माझी होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अमर एक मासिक घेऊन आला. नवा खेळ येणार होता. तसाच बंदुकांचा, तसाच संघाने खेळायचा, पण सगळं नव्याने घडवलेलं. मासिकाबरोबरच्या सीडीत त्याची दोन-अडीच मिनिटांची चित्रफीत होती. माझ्या सगळ्यात चांगल्या मशीनवर ती लावली, तरी अडखळत चालली. पावसात भिजलेलं एक बंदर, कंदिलासारखे दिवे, आणि भिंतीवरून सरकत येणारी माणसाची सावली. माणूस नंतर येत होता, सावली आधी.

बाळूने ती फीत त्या सकाळी सात-आठ वेळा बघितली. "ही सावली खरी हाय," तो म्हणाला. "दिवा हलला का सावलीबी हलती. म्हंजी आता ऐकायचं बी आन् बघायचं बी." मग अमरला म्हणाला, "ही सगळ्यांनाच नवी न्हवं? पुण्यावाल्यांनाबी?"

"सगळ्यांनाच," अमर म्हणाला. "आणि आल्यावर महिन्याभराने त्याच हॉलवर स्पर्धा ठेवणार आहेत म्हणे."

तेव्हापासून वाट बघणं सुरू झालं. खेळ दिवाळीला येणार होता, मग उन्हाळ्यावर गेला, मग आणखी पुढे. दर महिन्याला अमर मासिक आणायचा आणि चौघं त्यातल्या टपाल तिकिटाएवढ्या चित्रांवर वाकून बसायचे. ज्याने इंग्रजीचा एक शब्द कधी वाचला नव्हता, तो बाळू सांगायचा की या बंदराला तीन वाटा आहेत आणि मधली वाट मरणाची आहे. खेळ हातात नसताना त्याने तो मनात अर्धा खेळून टाकला होता.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. कॉम्प्युटरच्या डब्यात तळहाताहून थोडी मोठी एक पट्टी असते, तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. पडद्यावरचं चित्र काढायचं काम तिचं. कार्ड साधं असेल तर चित्र तुटक, गावच्या जत्रेतल्या तंबूत रीळ अडकायचं तसं. प्रत्येक खेळाच्या खोक्यावर एक यादी छापलेली असते: मेमरी किती हवी, कार्ड कुठलं हवं. खेळ येण्याआधी तीच यादी मासिकांत येते, आणि आमच्यासारखे दुकानदार तिच्यावरून मालाची खरेदी करतात.

यादीत एका कार्डाचा आकडा दिला होता. पुण्यातल्या माझ्या व्यापाऱ्याकडे त्याच आकड्याची कार्डं होती, आणि किंमत माझ्या अंदाजापेक्षा पुष्कळ कमी. आकडा तोच, पण त्याच्यामागे दोन अक्षरं जास्तीची होती. मी विचारलं, ही अक्षरं कसली?

"मॉडेलचं नाव आहे, मुलाणी. आकडा बघा ना," तो म्हणाला.

मी नऊ कार्डं घेतली. आठ दुकानासाठी. नववं बाळूसाठी, कारण बाळूला आता घरी स्वतःचं मशीन हवं होतं. डेअरीवरच्या दोन तासांत पुण्यावाल्यांना हरवण्याएवढा सराव होणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने आपली मोटरसायकल विकली. पालीसारख्या गावात मोटरसायकल विकणं म्हणजे काय, ते तिकडं राहणाऱ्यालाच कळेल. टेम्पो दुधाच्या फेरीवर असताना घरचं कुणी आजारी पडलं, तर वेल्ह्यापर्यंत दुसऱ्याच्या गाडीची वाट बघायची.

त्याचं मशीन मी जीव लावून जोडलं. तिकडं विजेचा दाब दिवसातून दहा वेळा वरखाली व्हायचा, म्हणून जाड स्टॅबिलायझर दिला. धूळ जाऊ नये म्हणून डब्याच्या जाळीला आतून पातळ कापड लावलं. फक्त कार्ड तेवढं त्या नऊतलं बसवलं. ते बसवून झालं, मशीन दुकानातच होतं, तेव्हा अमर नवं मासिक घेऊन आला.

"सलीमभाई, हे बघा," त्याने एका चौकटीवर बोट ठेवलं. "ही दोन अक्षरं असलेली कार्डं वेगळी आहेत म्हणतायत. आकडा सारखा, पण आत जुनाच माल. सावल्या काढायची नवी सोय यात नाही. यावर खेळ चालेलच असं सांगता येत नाही."

मी ती चौकट वाचली. मला तेवढं इंग्रजी येत होतं. वाचल्यावर मला आश्चर्य वाटलं नाही. कमी किंमत ऐकली तेव्हाच मनात कुठंतरी ते आलं होतं, आणि मी ते बाजूला सारलं होतं.

"मासिकवाले काहीही छापतात," मी म्हणालो. "'चालेलच असं नाही' म्हणजे चालणार नाही असं थोडंच आहे?"

अमरने ऐकून घेतलं. मग त्याने मासिक मिटलं. भोरमध्ये कॉम्प्युटरच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा असायचा, आणि ती सवय त्यालाही होती, मलाही.

त्या दुपारी मी व्यापाऱ्याला फोन केला. उघडलेला माल परत घेत नाही, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळू मशीन न्यायला आला. टेम्पोत पुढच्या सीटवर त्याने पोतं अंथरलं, त्यावर डबा ठेवला, टॉवेलने बांधला. मी त्याला सांगू शकलो असतो. कार्ड काढून ठेवायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती. पण मग आठ मशीनचं काय, हा प्रश्न आला असता, आणि सगळ्यांसमोर मी फसलो हे कबूल करावं लागलं असतं. मी टॉवेलची गाठ ओढून बघितली आणि म्हणालो, "सावकाश ने."

खेळ एकदाचा बाजारात आला. अमर सकाळच्या पहिल्या एसटीने पुण्याला गेला आणि खोकं घेऊन दुपारी परत आला. त्या दिवशी बाळूने परतीच्या फेरीला आपल्या चुलतभावाला पाठवलं होतं आणि तो थांबला होता. कॅशियर रजा टाकून आला होता. दुकान गच्च भरलं होतं. पाच सीड्या, एकामागून एक. दोन मशीनवर खेळ चढवायलाच तास गेला. कुणाला घाई नव्हती.

पहिल्या मशीनवर सुरू केला. एक राखाडी चौकट आली, इंग्रजीत दोन ओळी. अमरने मनात वाचल्या, मोठ्याने वाचल्या नाहीत. 'ओके'चं बटण दाबलं. संगीत सुरू झालं. मग पावसाचा आवाज आला, लाटांचा आवाज आला, लांब कुठंतरी साखळी खणखणली.

पडदा काळा होता.

कोपऱ्यातल्या दुसऱ्या मशीनवरही तेच. मी वायर बदलली, मॉनिटर बदलला, कार्ड काढून पुन्हा बसवलं. हे सगळं करताना मला माहीत होतं की याने काही होणार नाही. लोक बघत होते म्हणून मी करत राहिलो.

बाळू तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला आणि त्याने हेडफोन कानाला लावले. काळ्या पडद्यासमोर बसून त्याने बाणाची कळ दाबली, माऊस हलवला. कुणी हसलं नाही. "पाऊस लई हाय हितं," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आता लाकडावर आलो. बंदराचा धक्का असंल." मग नुसता ऐकत राहिला. पाच-दहा मिनिटं तो तसा चालत होता, न दिसणाऱ्या बंदरात. शेवटी गोळीचा आवाज हेडफोनबाहेर आम्हालाही ऐकू आला. त्याने ते काढून टेबलावर ठेवले.

"म्हंजी माज्या घरच्या मशीनवर बी ह्येच व्हनार?"

"हो," मी म्हणालो.

"तुमाला म्हाईत व्हतं का, सलीमभाई?"

अमर माझ्या मागं उभा होता. मी वळलो नाही.

"नाही रे," मी म्हणालो. "व्यापाऱ्याने फसवलं."

बाळूने मान हलवली. "मंग तुमी तरी काय करनार," म्हणाला, आणि वर मलाच धीर दिला की व्हतं असं, धंद्यात व्हतं.

अमरने सगळ्यांसमोर मला उघडं पाडलं नाही. पण तो आणि बाळू एका संघातले होते; मासिकातली ती चौकट त्याने बाळूला नंतर वाचून दाखवली असणार. चार दिवसांनी बाळूचा टेम्पो दुकानासमोर थांबला. पुढच्या सीटवर पोतं, पोत्यावर डबा, टॉवेलने बांधलेला. त्याने तो आणून माझ्या टेबलावर ठेवला.

मी लगेच बोलायला लागलो. योग्य कार्ड आणतो, आठवड्यात आणतो, स्पर्धेला अजून वेळ आहे. त्याने मला बोलू दिलं. मग म्हणाला, "कार्डाचं न्हाई वो. कार्ड तुमी चुकीचं आनलं, त्यो धंदा हाय. म्या इच्यारलं तवा तुमी न्हाई म्हनलात."

"बाळू, ऐक."

"सगळ्यांम्होरं म्या तुमची बाजू घेतली," तो म्हणाला. टॉवेल सोडून खांद्यावर टाकला आणि गेला. मशीनसाठी दिलेल्या पैशांतलं काही परत मागितलं नाही. मागितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी दुकानातली दोन मशीनं विकली आणि खरं कार्ड आणलं. बाळूच्या डब्यात बसवलं, खेळ चढवला, चालवून बघितला. पावसातलं बंदर पहिल्यांदा नीट दिसलं. मी तिथं बराच वेळ बसलो. मग रविवारी डबा घेऊन वेल्ह्याच्या एसटीत चढलो. पुढं पालीपर्यंत जीप मिळाली. जीपमध्ये गडावर निघालेली पुण्याची मंडळी होती. त्यातल्या एकाने विचारलं, "काका, हे वर न्यायचंय का?" सगळे हसले, मीही हसलो.

बाळूच्या दारात त्याची बायको शोभा धान्य पाखडत होती. तिने मला ओळखलं. घोंगडी टाकली, पाणी दिलं, चहा टाकला. बाळू घरात नव्हता, की होता, मला कळलं नाही. मी डबा दाखवला, आता सगळं नीट आहे म्हणालो.

ती पुन्हा सूप हातात घेऊन बसली. मग म्हणाली, "त्यांनी सांगितलंय भाऊ. आले तर पानी द्या, च्या द्या, जेवू घाला. पर मशीन आत घिऊ नका."

मी चहा घेतला. डबा उचलून परत निघालो. जीप मिळाली नाही, बरंच अंतर तो खांद्यावर घेऊन चाललो.

स्पर्धेला बाकीचे तिघं गेले, चौथा कुणी तरी घेऊन. पहिल्या फेरीत बाहेर पडले. अमर नंतर पुण्यात नोकरीला लागला. जाताना भेटायला आला नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ते मशीन मी एका कॉलेजच्या ऑफिसला दिलं. त्यावर दाखले छापायचे. मग मोबाईल आले, लोक खिशातच खेळायला लागले, आठ खुर्च्यांचं दुकान उरलं नाही. आता मी कॅमेरे बसवतो. कुठं कोण आलं, कोण गेलं, हे दाखवणारे. त्या कामात कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

पुष्कळ वर्षांनी वेल्ह्यात एका डेअरीवर कॅमेरे लावायचं काम आलं. शिडीवर उभा होतो, खालून आवाज आला, "सलीमभाई, बेतानं." बाळू होता. केस पांढरे झाले होते. तो आता टेम्पो चालवत नव्हता, तिथंच दूध मापून घ्यायचं काम करायचा. मी खाली उतरलो. त्याने समोरच्या टपरीवरून चहा मागवला. मुलं काय करतात, गुडघे कसे आहेत, असं बोलणं झालं. माझ्या जिभेवर ते सगळं येऊन थांबलं होतं, माफीचं. त्याने मला तिथवर जाऊच दिलं नाही. दर वेळी दुसरंच काहीतरी विचारायचा.

चहा संपत आला तेव्हा म्हणाला, "ती गेम कशी व्हती वो? तुमी तर बघितली असंल."

साधी होती, उगाच गाजवली होती, असं म्हटलं असतं तर कदाचित त्याला हलकं वाटलं असतं. पण या माणसाशी मी एकदा खोटं बोललो होतो.

"चांगली होती बाळू," मी म्हणालो. "आपल्याला वाटलं होतं त्याहून चांगली होती."

त्याने कप खाली ठेवला. हात धुऊन धुऊन पांढऱ्या पडलेल्या फडक्याला पुसले.

"मंग बरं," तो म्हणाला. "फालतू असती तर वाट बघितली त्येचंबी वाईट वाटलं असतं." आणि दूध घेऊन आलेली गाडी फाटकातून आत येत होती, तिकडं तो माप घेऊन गेला.